टाके घातलेली धामण

रहिमान आतारांना फोन लावला की नमस्कार-चमत्कार करायचा नाही. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. "जित्ता हाय का मेलाय?" मेला असला तर फोन बंद. जित्ता असला तर पुढचं बोलणं, आणि तेही हे असं.

"जित्ता हाय चाचा, पर लय मोठा नाग हाय."

"फणा काढलाय?"

"न्हाई काढला."

"मग नाग कशावरनं ठरवलास रं? धामण आसंल ती, शहाण्या. लांब हुबा ऱ्हा. हळद टाकू नगो, पाणी वतू नगो, व्हिडिओ काढू नगो. आलोच मी."

उंब्रजच्या घरापासून त्या जागी पोचायला दहा मिनिटं लागोत नाहीतर चाळीस, तेवढ्यात हळद पडलेली असायची, पाणी ओतलेलं असायचं आणि व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरत असायचा. एकदा तर एका हुशार गड्यानं सापाच्या जखमेवर गाडीतलं ऑइल ओतून ठेवलं होतं. जंतू मरतात म्हणे! चाचांनी त्याला भर हायवेवर असा फैलावर घेतला की तो बाबा आजही त्यांना बघून रस्ता बदलतो.

आता कुणी म्हणेल, एवढं चिडायचं काय त्यात? पण तुम्हीच सांगा. घरात निघालेला साप धरायला दहाजण धावतात. त्यात नाव आहे, फोटो आहे, हार आहे. गाडीखाली सापडलेल्या सापाला कोण विचारतो? कुत्रं आडवं आलं तर करकचून ब्रेक दाबणारा माणूस साप दिसला की मुद्दाम स्टेअरिंग तिकडं वळवतो. पुढं जाऊन परत मागं घेणारेही महाभाग आहेत. त्यात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बघायलाच नको. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिवसभर रस्त्यावर, फडातले उंदीर बांधावर, उंदरांच्या मागं साप, आणि सापांच्या वाटेत डांबर. त्या चार महिन्यांत चाचांचं पित्त रोज सकाळी खवळलेलं असायचं. त्यांची बायको सुगराबी म्हणायची, "तुमच्यापरीस त्ये साप गरीब."

चाचा मूळचे जनावरांच्या सरकारी दवाखान्यातले ड्रेसर. तेहतीस वर्षं त्यांनी बैलांचे खांदे धुतले, म्हशींच्या कासा बघितल्या, शेळ्यांचे मोडलेले पाय बांबूच्या कामट्या लावून बांधले. तेवढीच वर्षं मालकांना तोंडावर शिव्या घातल्या. "जू एवढं घासूस्तवर झोपला हुतासा काय?" असं पाटलालाही विचारायला ते भ्यायचे नाहीत. पण म्हैस जगणार नसली तर जगणार नाही म्हणूनच सांगायचे, उगाच आशा लावून चार दिवस औषधं आणायला पळवायचे नाहीत. रहिमानची जीभ तिखट, पण खोटं बोलणार नाही, असं पंचक्रोशीत बोललं जायचं. चाचांना त्याचा फार अभिमान होता, नको तेवढा.

सापाचा नाद लागला तो नोकरीची दोन वर्षं उरली असताना. एका दूधवाल्यानं भुशाच्या पोत्यात एक चिरडलेली धामण आणून ठेवली. डॉक्टर फिरतीवर. चाचांनी बैलाला वापरतात त्या दोऱ्यानंच टाके घातले आणि म्हशीचे काढतात तसे नवव्या दिवशी काढले. जखम उलून आली. तीन दिवसांत धामण गेली. चाचांना दोन घास गोड लागेनात. शेवटी कराडला डॉक्टर शिवांजली म्हणून एक बाई प्राण्यांचा दवाखाना चालवतात, त्यांच्याकडं ते मेलेली धामण घेऊनच गेले. बाई म्हणाल्या, "चाचा, सापाची जखम म्हशीसारखी नाही भरत. तो कात टाकत नाही तोवर टाक्यांना हात लावायचा नाही. घाई केली की मेला." त्या दिवसापासून चाचा त्यांचे शिष्य झाले. वनखात्याचा रीतसर कागद घेतला, घरामागच्या पत्र्याच्या खोलीत जाळीच्या पेट्या केल्या, ऊब द्यायला पेटीत बल्ब लावले. आयुष्यात कुणासाठी न थांबलेला हा माणूस सापाच्या कातीसाठी दोन-दोन महिने थांबायला शिकला.

दुसरा धडाही असाच जिवावरचा मिळाला. जगलेला पहिला साप त्यांनी हौसेनं लांब डोंगरात नेऊन सोडला. चांगलं जंगल बघून सोडला हो! बाराव्या दिवशी तो डोंगराखालच्या रस्त्यावर चिरडलेला सापडला. अंगावर चाचांच्याच टाक्यांची ओळ. शिवांजलीबाईंनी समजावलं, सापाला आपली बिळं, आपलं पाणी, आपला बांध ठाऊक असतो. परक्या मुलखात सोडला की तो घर शोधत भरकटतो, आणि भरकटला की कुठला ना कुठला रस्ता आडवा येतोच. तेव्हापासून चाचांचा नियम झाला. जिथं सापडला तिथंच, हाकेच्या अंतरात सोडायचा. नाहीतर बरा केलाच कशाला?

अशा माणसाच्या दारात एका डिसेंबरात सुभेदार लालासाहेब सूर्यवंशी आले. फौजेतून निवृत्त, दहा एकर ऊस, पांढऱ्या मिश्या. जीपच्या मागच्या सीटवर काळी पत्र्याची फौजी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. झाकण उघडलं तर आत कोरा टॉवेल अंथरलेला आणि टॉवेलवर सात फुटी धामण. शेपटीकडचा भाग फाटून बरगड्या दिसत होत्या.

"कुणी मारली?" चाचा खेकसले.

"मीच," लालासाहेब म्हणाले. "बांधावरनं जीप काढत हुतो. दिसलीच न्हाई वो. चाक गेलं वरनं."

चाचा बघतच राहिले. अकरा वर्षांत शेकडो साप आले, पण 'माझ्या चाकाखाली आला' म्हणून स्वतः घेऊन येणारा हा पहिलाच. बाकीचे सगळे 'कुणीतरी' मारलेले. हळद नाही, ऑइल नाही, वर कोरा टॉवेल! शिवी ओठावर आली होती ती चाचांनी गिळली.

कराडला एक्स-रे काढला. मणका शाबूत होता. चौदा टाके पडले. थंडीत सापाचं अंग लवकर भरत नाही, म्हणून बल्बच्या जोडीला गरम पाण्याची पिशवी आली. तीन आठवडे धामणीनं उंदराकडं ढुंकून बघितलं नाही, चाचांनी नळीनं पोटात पातळ खाणं सोडलं. आणि दर रविवारी, अगदी परेडला यावं तसे, दहाच्या ठोक्याला लालासाहेब हजर. चपला काढून त्या खोलीच्या दारात उभे राहायचे, टोपी हातात घ्यायचे, धामणीकडं बघायचे. मग चहा.

चाचांना मित्र असा नव्हताच. तेहतीस वर्षं शिव्या खाल्लेल्या गावात कोण मित्र असणार? पण सुभेदार गप्प ऐकून घ्यायचा. ऊसवाल्यांना, हायवेवाल्यांना, व्हिडिओवाल्यांना चाचांनी कितीही झोडपलं तरी "खरं हाय, खरं हाय" म्हणायचा. रविवार आला की चाचा आदल्या दिवशीच विचारायचे, "साखर हाय न्हवं घरात?" सुगराबी गालातल्या गालात हसायची.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी धामणीचे डोळे दुधी झाले होते, सायीसारखे. लालासाहेब दचकले. "डोळं का वो आसं? मला बघायचं न्हाई का तिला?"

"कात टाकायला आलीया. सगळ्यांचंच हुतात."

मग लालासाहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "चाचा, ती वळखती का मला?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. नाही. साप माणूस ओळखत नाही. कोण मालक, कोण वैरी, त्याला काही कळत नाही. हे चाचांनी शाळाशाळांतून ओरडून सांगितलं होतं. पण समोरचा माणूस नऊ रविवार न चुकता आला होता. त्याचं मन कशाला मोडा? चाचांनी हसून म्हटलं, "वळखती म्हंजे! तुमचा वास आला की जीभ काढून वर बघती बगा. डोळं झाकल्यालं आसलं तरी तुमाला बराबर वळखती."

त्या दिवशी लालासाहेब चहा अर्धाच ठेवून उठले. चाचांना वाटलं, गहिवरलेत.

धामणीनं कात टाकली. पंधरा दिवस थांबून चाचांनी टाके काढले. चौदा टाक्यांची पांढरी ओळ तेवढी उरली. उंदीर खाऊ लागली, पेटीला धडका देऊ लागली. शिवांजलीबाईंनी बघून सांगितलं, सोडायला हरकत नाही. चाचांनी सुभेदारांना मोठ्या आनंदानं बातमी दिली. "सोमवारी सकाळी. तुमच्याच बांधावर. तुमच्याच हातनं सोडायची."

रविवारी लालासाहेब आले ते टोपी न काढताच खुर्चीत बसले. "चाचा, एक आयकशीला का? तिला लांब सोडा. नदीपल्याड. आजी सांगायची, पाणी वलांडलं की डूख तुटती."

"कसली डूख?"

"आवं, चाक माझं हुतं. तिनं बघितलंय मला. मी तिला औषधपाणी केलं, टॉवेल दिला, दर रविवारी यिऊन हात जोडलं. वाटलं, इसरंल. पर तुमीच म्हणालासा न्हवं, बराबर वळखती म्हणून? सृष्टी, माझी नात, त्याच बांधावरनं शाळंला जाती. तिला काय केलं म्हंजे?"

चाचांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे हे बारा-तेरा रविवार, हा चहा, हे "खरं हाय, खरं हाय" सगळं ह्या भीतीपायी? हा माणूस सापाला बघायला येत नव्हता, सापाची माफी मागायला येत होता! आणि आपण त्याच्यासाठी साखर आणून ठेवत होतो. काय सांगायचं आता! चाचांना सुभेदारांपेक्षा स्वतःचीच जास्त लाज वाटली आणि लाज वाटली की त्यांचा आवाज चढायचा.

"सुभेदार, फौजेत बंदूक चालवलीसा आन सापाच्या डुखंला भ्यायलासा? आवं, सापाला मेंदू केवढा? कोण चाकावर आन कोण चाकाखाली, त्याला काय कळतंय? लांब सोडली की मरती ती. माझा एक मेलाय तसा. तीन महिनं राबलो मी तिच्यापायी!"

"मग वळखती म्हणालासा त्ये?"

झालं. ह्या ठिकाणी बाकीचं सगळं ओरडणं सोडून एकच वाक्य बोलायचं होतं. 'खोटं बोललो सुभेदार, तुम्हाला बरं वाटावं म्हणून.' एवढंच. चाचांच्या जिभेवर ते आलंही होतं. पण रहिमान आतार खोटं बोलतो, हे रहिमान आतारांनीच कबूल करायचं? सुगराबी दारात उभी होती. चाचांनी तोंड फिरवलं आणि पुन्हा सुरू झाले, सापाला कान नसतात, साप दूध पीत नाही, धामण म्हशीच्या पायाला विळखा घालत नाही, जे जे शाळेत सांगायचे ते सगळं. प्रश्न सोडून सगळ्याची उत्तरं दिली. लालासाहेब खाली मान घालून ऐकत होते.

"बरं. तुमचंच खरं," शेवटी ते म्हणाले आणि गेले. चाचांना वाटलं, पटलं.

सोमवारी पहाटेच चाचांनी धामण कापडी पिशवीत घालून तोंड बांधून ठेवली आणि सोडण्याआधी लागणारा सही-शिक्क्याचा कागद आणायला कराडला गेले. दहापर्यंत येतो म्हणाले, साडेअकरा वाजले. घरी आले तर पिशवी नाही.

"सुभेदार घिऊन गेलं की," सुगराबी म्हणाली. "त्यांच्याच बांधावर सोडायची हाय न्हवं? ट्रंक बी आणली हुती. टॉवेल धुऊन अंथरला हुता. मी म्हटलं, तुमचं बोलणं झालं आसंल."

सुगराबीला काय बोलणार? नवऱ्याचा एकमेव दोस्त म्हणून तिनं दिली. चाचांनी फोन लावला. लालासाहेबांचा आवाज अगदी हलका, आनंदी होता. "चाचा, काळजी करू नगा. नदी वलांडून मसूरवरनं पार वडूजच्या माळावर आलो. सावली बघितली, पाण्याचा चर बघितला, मग सोडली. नारळ फोडला, पाया पडलो. एकदम चपळ गेली बगा."

"आवं, मारली तिला तुमी!" चाचा एवढ्या जोरात ओरडले की शेजारचे बाहेर आले.

दुपारपासून चार दिवस चाचा वडूजच्या माळावर हिंडले. लालासाहेबच जीप चालवत होते, कारण जागा त्यांनाच माहीत. कुसळं, दगड, करपलेली हरभऱ्याची शेतं. उसाच्या ओल्या बांधावर वाढलेली धामण इथं खाणार काय, लपणार कुठं? चाचांनी तिथल्या वनरक्षक राजेश्वरीबाईंना सगळं सांगून ठेवलं. शेपटीकडं चौदा टाक्यांची पांढरी ओळ, सात फूट, दिसली की कळवा. बाईंनी आधी चाचांनाच सुनावलं. कागदाविना साप परक्या हाती गेलाच कसा? चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा शिव्या निमूट ऐकून घेतल्या.

नवव्या दिवशी बाईंचा फोन आला. चाचांनी सवयीनं विचारलं, "जित्ती हाय का?"

पलीकडून उत्तर आलं नाही. चाचांनी फोन बंद केला नाही, तसाच कानाला धरून ठेवला.

वडूजच्या अलीकडं डांबराच्या कडेला ती पडली होती. तोंड आलेल्या वाटेकडं, नदीच्या बाजूला. कुणाच्या चाकाखाली, काही पत्ता नाही. चौदा टाक्यांची ओळ धड होती, चाक डोक्यावरून गेलं होतं. भर दुपारच्या उन्हात चाचा उकिडवे बसले आणि त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.

लालासाहेबांनी टोपी काढली. तिच्याकडं बघत म्हणाले, "म्हंजे आता डूख त्या गाडीवाल्यावर." आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. फार नाही, एवढंसं. पण चाचांना ते दिसलं.

दुसऱ्या कुठल्याही दिवशी चाचांनी त्यांची गचांडी धरली असती. त्या दिवशी ते बसूनच राहिले. "सुभेदार," ते म्हणाले, "तिनं तुमाला कवाच वळखलं न्हवतं. मी खोटं बोललो. नऊ रविवार आलासा, बरं वाटावं म्हणून बोललो. आन त्या रविवारी इच्यारलंसा तवा सांगायला माझी जीभ वळली न्हाई."

लालासाहेब खाली बसले, धामणीच्या पलीकडच्या बाजूला. "खोटं व्हतं?"

"व्हय."

"मग मी तिला हितं कशाला आणली वो?"

एक टेम्पो हॉर्न वाजवत शेजारून गेला, त्याच्या वाऱ्यानं धामणीची शेपटी हलली आणि दोघंही एकदम पुढं वाकले. काही नव्हतं. वारा होता.

राजेश्वरीबाईंनी पंचनाम्याचा कागद जीपच्या बॉनेटवर ठेवला. "मृत्यूचं कारण, अज्ञात वाहनाची धडक," लिहिता लिहिता त्या मोठ्यानं बोलल्या.

"अज्ञात कशाला?" लालासाहेब उठले. "माझ्या जीपचा नंबर घाला."

"सुभेदार, तुमची जीप इथं नव्हती ना पण."

"घाला म्हंतो न्हवं!"

"आन त्याच्या आदी माझं नाव घाला, बाई," चाचा म्हणाले.

बाईंनी दोघांकडं बघितलं. "चाचा, इथं एकच ओळ आहे," त्या म्हणाल्या, आणि लिहायला घेतलं होतं तेच पुरं केलं. खाली पंच म्हणून दोघांच्या सह्या हव्या होत्या. लालासाहेबांनी केली. मग पेन चाचांकडं आलं. त्यांच्या लेखी कारण अज्ञात नव्हतं, आणि खोट्या कागदावर रहिमान आतारांनी तेहतीस वर्षांत एकदाही सही केली नव्हती. त्यांनी 'अज्ञात वाहन' पुन्हा एकदा वाचलं आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.